गरम राहिलेले कप

प्रिय मावशी,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरंच वाकून, कारण मुंगी दूध पिऊन माझ्या मांडीवर झोपलीय आणि कागद तिच्या पलीकडे स्टुलावर आहे. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तो दोष माझ्या शिक्षणाचा नाही, तिच्या डोक्याचा. (शिक्षणाचाही असेल थोडा.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा अजून कुरकुरतो का, की आता उजव्यानेही तोंड उघडलंय? दादाच्या घरी तुला मनासारखी उशी मिळाली का? वहिनीला माझा नमस्कार सांग. दादाला सांग की तुला चहात साखर किती हे विचारत बसू नकोस, तू नेहमी "थोडी" म्हणतेस आणि तुझी थोडी म्हणजे किती ते मला सोडून कुणाला माहीत नाही. आम्ही इकडे बरे आहोत. मुंगीचे बाबा ट्रक घेऊन गेलेत, रविवारी येतील, येऊन झोपतील, उठून जातील. मुंगीला आता वरचेही दात आलेत आणि ती ते सगळ्यांवर चालवून बघते.

पत्र लिहायचं कारण असं की मी ऑफिसच्या पॅन्ट्रीतलं चहाचं काम सोडतेय. लगेच चष्मा काढून डोळे पुसायला बसू नकोस, आधी पुरतं वाच. मला माहीत आहे तुला किती लागेल ते. तू त्या पॅन्ट्रीत एवढी वर्षं काढलीस की स्टुलामागच्या भिंतीवर अजून तुझ्या पाठीचा डाग आहे, रंगवला तरी वर येतो. जाताना तू मॅनेजर बाईंना म्हणालीस, "माझ्या बहिणीची पोर आहे, माझ्यापेक्षा चपळ आहे, तुम्ही तोंड उघडायच्या आत कप समोर ठेवील." मावशी, तू खरं तेच बोललीस गं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

आपली कंपनी नेमकं काय करते हे तू असताना आपल्या दोघींनाही कळलं नव्हतं. तू म्हणायचीस, मशीनं भाड्याने देतात. बरोबरच होतं तुझं. फक्त एक मशीन एका गिऱ्हाइकाला देत नाहीत. एका मोठ्या मशीनच्या पोटात पुष्कळ लुटुपुटीची मशीनं असतात, आणि प्रत्येक भाडेकरूला वाटतं की अख्खं मशीन आपलंच. शेजारी कोण राहतो ते त्याला दिसत नाही, त्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्याच्याकडे काय शिजतंय त्याचा वास येत नाही. या सगळ्यांच्या मधे भिंती घालणारा एक प्रोग्राम असतो. त्याचं नाव घ्यायला गेलं की जिभेला गाठ पडते, म्हणून मी त्याला भिंतवाला म्हणते. (त्याचं काम बघणारा दाढीवाला इंजिनिअरही आता भिंतवालाच म्हणायला लागलाय. तुझ्या वेळी त्याला दाढी नव्हती, तो गुळगुळीत, दुधाळ चहावाला, तोच. एकदा मोठ्या साहेबांसमोर तो म्हणून गेला की भिंतवाल्यात गळती आहे, तर साहेबांनी गवंड्याला फोन लावला होता.)

तर ती गळती. मला नंतर जेवढी कळली तेवढी सांगते. मशीनच्या आत जो मेंदू असतो ना, प्रोसेसर, तो फार घाईचा. पुढचं काम कुठलं येणार ते सांगायच्या आधीच ओळखतो आणि करून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं फेकून देतो आणि साळसूदपणे बसतो, जणू काही केलंच नाही. ऐकल्यावर मी दाढीवाल्याला म्हटलं, "अहो, ही तर आमची मावशी!" तो हसला नाही. उलट डोक्याला हात लावून खाली बसला. (ते का, ते पुढे येईल.) केलेलं फेकलं तरी त्याची ऊब मागे राहते म्हणे. आणि त्याच मशीनमधला शेजारचा भाडेकरू हुशार असला, तर तो काय गरम आहे आणि काय गार, एवढ्यावरून ओळखतो की पलीकडच्याने काय मागितलं होतं. भिंत जागच्या जागी, कडी लावलेली, आणि आतलं गुपित बाहेर.

हे कळल्यावर जगभरच्या कंपन्यांनी म्हणे ठरवलं की पॅच तयार होईपर्यंत कुणीही तोंड उघडायचं नाही. (पॅच म्हणजे ठिगळच गं, पण ठिगळ म्हटलं की त्यांना राग येतो.) कारण साधं आहे, कुलूप बसवायच्या आधी दार उघडं असल्याची दवंडी कोण पिटतं? आमच्याकडे फक्त मोठे साहेब, बाई, दाढीवाला आणि लांब वेणीवाली इंजिनिअर मुलगी, एवढ्यांनाच माहीत. मला अर्थातच नाही. मला कोण सांगतंय?

आता मुंगीचं सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरीचं काहीच लिहिलं नाही. पॅन्ट्रीला लागून ती अडगळीची खोली आठवते ना, मोडक्या खुर्च्यांची? बाईंनी ती मुंगीसाठी रिकामी करून दिली. पलीकडे मशीनचा हॉल, त्यामुळे भिंत कोमट आणि घूंऽऽ असा आवाज चालू. त्या आवाजात ती अशी झोपते की जशी माझ्या कुशीतही झोपत नाही. (आधी वाईट वाटायचं, आता सवय झाली.) तू गेल्यावर एकदा तिच्या घशात बिस्किटाचा तुकडा अडकला होता, ते तुला कळवलं नव्हतं. पोरगी निळी पडली. मी आई, आणि मी काय केलं? मी टॉवेल घडी करायला घेतला. खरंच. हात काहीतरी करत होते आणि मला काही सुचत नव्हतं. दाढीवाला पाण्याची बाटली भरायला आला होता, त्याने तिला उपडी धरून पाठीवर थापट्या मारल्या आणि तुकडा बाहेर. माझे हात तर नंतरही टॉवेलच घडी करत होते. तेव्हापासून मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघत असते. ऑफिसात कमी, कारण तिथे माणसं आहेत. घरी जास्त. तर ती खोली माझ्यासाठी काय आहे ते तुला वेगळं सांगायला नको.

आता तो दिवस. सकाळी आल्या आल्या बघितलं तर छोट्या मीटिंगच्या खोलीच्या काचेला आतून कागद चिकटवलेले. दाढीवाला बुटाची लेस न बांधता गेला. मोठे साहेब छातीवर हात फिरवत गेले. बाईंनी दार लावलं ते हळू लावलं, आणि बाई दार हळू लावतात म्हणजे आत रडारड आहे. तू शिकवलंस तसं मी सगळं वाचलं आणि लागले कामाला. दाढीवाल्याचा काळा मग, काळी कॉफी. (मशीनं अडचणीत असली की तो दूध सोडतो.) साहेबांना गरम पाणी. (जळजळ.) आणि कंपनीच्या वकीलसाहेबांचा बशीचा कप, कारण साहेबांची जळजळ आणि दाढीवाल्याची काळी कॉफी एका दिवशी आली की वकील येणारच. सगळं भरून ट्रे उचलला, तेवढ्यात बाई बाहेर आल्या. माझ्या हातातला ट्रे बघून पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "आत कुणी काही न्यायचं नाही. आणि कुणी विचारलं तर मीटिंग नाहीच आहे. कळलं?" म्हटलं, कळलं. बेसिनमध्ये सगळं ओतलं, कप विसळले, रॅकवर पालथे घातले, हात पुसले. मनात म्हटलं, झालं, जणू काही केलंच नाही.

तेवढ्यात पांढरे बूट आले. हे एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे माणूस. त्यांच्या मशीनचं काम असलं की येतात, बाहेरच्या कोचावर बसतात. माणूस वाईट नाही हं. मुंगी रांगत जाऊन त्यांच्या बुटांना दात लावते, तरी हसतात. त्या दिवशी ते पाण्याचा ग्लास घ्यायला पॅन्ट्रीत आले. मी म्हटलं मी देते, ते म्हणाले राहू दे, तुमच्या कडेवर पोर आहे. रॅकवरून ग्लास घेताना त्यांचा हात काळ्या मगाला लागला. लागला आणि थांबला. मग त्यांनी बशीच्या कपाला हात लावला, मग साहेबांच्या ग्लासला, अगदी तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो ना आपण, तसा उलटा हात. मला वाटलं, बघा, किती स्वच्छ धुतलेत ते बघतायत. (मी खूशही झाले, सांगायला लाज वाटते.) म्हणाले, "वकीलसाहेब आलेत वाटतं?" मी म्हटलं, "मला बाई काही माहीत नाही. मीटिंग नाहीच आहे." ते म्हणाले, "नाही ना? बरं बरं." आणि पाणी न पिताच गेले. मी घरी जाताना स्वतःवर इतकी खूश होते मावशी, की काय सांगू. एक शब्द फुटू दिला नाही तोंडातून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनच फोन. प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय, आमच्या खोलीत शेजारचा डोकावतोय म्हणतात ते खरं का? पॅच अर्धवट, आणि बोंब गावभर. मोठ्या साहेबांना वाटलं कुणीतरी फितूर झालं. संशय आला लांब वेणीवालीवर, कारण तिचं लग्न ठरलंय आणि ती दिवसभर जिन्यात फोनवर कुजबुजत असते. साहेब तिला म्हणाले, होणाऱ्या नवऱ्याला काय काय सांगितलंस? ती म्हणाली, "सर, आम्ही पडद्याचा रंग ठरवतोय!" साहेबांना ते खोटं वाटलं. पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडली. मी तिला चहा नेऊन दिला, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हटलं, ज्याने कुणी हे केलं त्याचं तोंड बघायला नको. (मावशी, हे वाक्य मला आता झोपू देत नाही.)

पहिला फोन पांढऱ्या बुटांच्या कंपनीचा होता, म्हणून शेवटी साहेबांनी त्यांनाच फोन लावून सरळ विचारलं. फोन मोठ्या आवाजावर, आम्ही सगळे गोल उभे. ते म्हणाले, "मला कुणी काही बोललं नाही हो. तुमच्या पॅन्ट्रीत कप गरम होते." आणि कुठला कप कुणाचा, तो कधी निघतो, सगळं घडाघडा सांगितलं. एवढे दिवस कोचावर बसून त्यांनी दुसरं काय केलं असणार? म्हणाले, गळतीची कुजबुज बाहेर आधीपासून होतीच, त्यात मशीनवाल्यांनी वकील, मालक आणि इंजिनिअर एका खोलीत कोंडले आणि वर मीटिंग नाहीच म्हणाले, तर मी माझ्या कंपनीला काय सांगणार, वाढदिवस आहे म्हणून?

सगळ्यांनी आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. दाढीवाला तेवढा खुर्चीतून उठला, रॅकपाशी गेला, काळा मग हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "आम्ही महिनाभर हेच एकमेकांना समजावत होतो, आणि ते इथे दहा पावलांवर रोज घडत होतं." त्या दिवसापासून वेणीवाली पॅन्ट्रीच्या दारात उभी राहून म्हणते, "मला एक चहा हवा आहे. मी तोंडाने मागते आहे. बाकी काही समजून घेऊ नका." रोज. मी ऐकून घेते. तिचा हक्कच आहे. तिच्या पडद्यांना निळा रंग चांगला दिसेल असं मला वाटतं, पण आता कुठल्या तोंडाने सांगू?

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण गिऱ्हाइकांची समजूत घालायला साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. साहेब बराच वेळ पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवत होते. एक गिऱ्हाईक घोरायला लागलं. मग दाढीवाल्याने मला ट्रे घेऊन पुढे उभं केलं आणि म्हणाला, "ही आमची प्रोसेसर." सगळे हसले. मी पण हसले, काय करणार? त्याने कप भरायला लावले, ओतायला लावले, विसळायला लावले, आणि मग समोरच्या रांगेतल्यांना हात लावून ओळखायला सांगितलं. सगळ्यांनी बरोबर ओळखलं. कुणीतरी विचारलं, मग चूक कुणाची? दाढीवाला म्हणाला, "चूक कुणाची म्हणायची? इतकी वर्षं आपणच आधी हिच्या मावशीला, आता हिला म्हणत आलो की वा, काय चपळ, अजून चपळ हो. कप गरम राहतात हे कुणी बघितलं?" मावशी, त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं. पण तिथे हातात ओला ट्रे घेऊन उभी राहिले तेव्हा मला तूच दिसलीस. सगळं आयुष्य ज्याच्यासाठी लोकांनी तुला शाबासकी दिली, ते मी भर हॉलमध्ये खोट म्हणून दाखवत होते. तेव्हाच ट्रे ठेवून निघून जायला हवं होतं. गेले नाही.

आणि तेवढ्यात मुंगी उठली. एरवी ती उठायच्या आधी मी तिच्यापाशी असते, ती कूस बदलते तेव्हाच मला कळतं. पण मी तर हॉलमध्ये प्रोसेसर होते. तिने असं भोकाड पसरलं की ते झोपलेलं गिऱ्हाईकही जागं झालं. पहिल्या रांगेत एका कंपनीचे तपासनीस बसले होते, कुलपं-किल्ल्या तपासणारे. त्यांनी विचारलं, "मशीनच्या हॉलला लागून मूल आहे?" बाई म्हणाल्या, "लहान आहे हो." ते म्हणाले, "तिचं ओळखपत्र कुठंय?" मुंगीचं ओळखपत्र! तिला अजून स्वतःचं नाक ओळखता येत नाही.

मग पॅच लागायला सुरुवात झाली, मशीनला आणि मला. मशीनचं असं की एकेक मशीन रिकामं करायचं, आतल्या भाडेकरूंना काम चालू असतानाच उचलून दुसरीकडे न्यायचं, पॅच लावायचा, मशीन बंद करून चालू करायचं, की मग परत सगळ्यांना आणायचं. (भाडेकरूंना कळतही नाही म्हणे की आपण हललो. आमचा घरमालक असा असता तर!) आता भिंतवाला एकाची पाळी संपून दुसऱ्याची आली की मधे सगळी ऊब पुसून काढतो. आणि एकाच ओट्यावर दोन भाडेकरूंनी एका वेळी काम करायचं, ते बंद. यामुळे मशीनं हळू झाली आणि गिऱ्हाईकं ओरडायला लागली. आधी म्हणत होती आमचं गुपित सांभाळा, आता म्हणतात आमचा वेग परत द्या.

माझं पण अगदी तसंच. बाईंनी कागद लावला: मागितल्याशिवाय कप काढायचा नाही. प्रत्येक कप गार पाण्याने धुवायचा. पॅन्ट्रीत एका वेळी एकच माणूस. खिडकीला पडदा. मावशी, ऑफिस नुसतं रखडलंय. साहेबांची जळजळ सुरू होते, मग ते फोन शोधतात, मग मागतात, मग मी पाणी तापवते, ते पोचेपर्यंत जळजळ थांबून डोकं दुखायला लागलेलं असतं आणि ते दुसरंच काहीतरी मागतात. दाढीवाला कॉफीची वाट बघत पॅन्ट्रीबाहेर भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपला. आणि मला सगळं दिसत असतं गं! लेस सुटलेली दिसते, हात छातीवर गेलेला दिसतो, आणि मी हात मागे बांधून उभी. माझी बोटं आपोआप मगाकडे जातात, मी त्यांना ओढून आणते. घरी पण हेच लागलंय. गेल्या रविवारी मुंगीची दुधाची बाटली भरायच्या आधी मी तिच्या मागण्याची वाट बघत उभी राहिले. तिने काय मागायचं? ती नऊ महिन्यांची आहे! मुंगीचे बाबा म्हणाले, "तुला पण पॅच मारला की काय?" मला हसू आलं नाही, मग आलं, मग रडूच आलं.

गेल्या आठवड्यात बाईंनी बोलावलं. दार हळू लावलं. म्हणाल्या, तुझ्या हातून जे झालं ते अजाणता झालं, साहेबांचं म्हणणं तुला ठेवावं. पण तपासनिसांनी लिहून दिलंय, मशीनच्या बाजूला बाहेरचं कुणी नको. म्हणजे माझी नोकरी राहिली, आणि मुंगीची गेली. बाईंचे स्वतःचे डोळे भरले होते. तिला सकाळी आणायचं नाही, येत्या शनिवारपासून. मी विचारलं, "मग कुठे ठेवू?" बाई म्हणाल्या, "घरी कुणी नाही का?" मी नाही म्हटलं. बाईंनी टेबलावरचा पेन इकडचा तिकडे ठेवला.

म्हणून मी ठरवलंय की सोडते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. घरी राहीन, मुंगीला वाढवीन, दोन घास निवांत खाईन. तुझ्या नावाला बट्टा लावला त्याबद्दल मला माफ कर. तू एवढी वर्षं सांभाळलेला ओटा मी एका सकाळीत घालवला, याचंच काय ते दुःख. बाकी मी अगदी मजेत आहे, काळजी नसावी. कप सगळे जाग्यावर आहेत, बशीच्या कपाचा कान उडालाय, तो माझ्याकडून नाही.

दादाला, वहिनीला नमस्कार, त्यांच्या पोरांना पापा. आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांवरून माझा हात फिरव.

तुझीच,
मागायच्या आधी धावणारी, आता थांबवलेली,
धाकटी

ता. क. मी मजेत आहे असं वर लिहिलं ते खोडणार होते, पण खाडाखोड दिसली की तू जास्त काळजी करशील, म्हणून इथे लिहिते. मी मजेत नाही. काम सोडल्यावर दिवसभर एका खोलीत मी आणि मुंगी, दार लावलेलं. आत्ताही घरी तिला ठसका लागला की मी टॉवेलकडे बघते. शेजारणीला हाक मारायची तर ती कामाला जाते. मला पोरीची भीती वाटत नाही, माझीच वाटते.

आणखी ता. क. राजीनाम्याची चिठ्ठी लिहून झालीय, पण अजून बाईंना दिलेली नाही. बाईंना वाटतंय मी सोय बघतेय. मुंगीच्या बाबांना वाटतंय बाई सोय बघतायत. सोय कुणीच बघत नाहीये.

अजून एक. मावशी, तू येशील का? आता सरळच विचारते. दादा-वहिनींना सांग थोडे दिवस जाऊन येते. थोडे म्हणजे मुंगी शाळेत जाईपर्यंत. खिडकीजवळचा पलंग तुझा. जिना आहे, पण फार नाही. (आहे. पण मी रोज हात धरून वर आणीन, आणि खाली तुला उतरायचंच कशाला?) स्वयंपाक मी करून जाईन. तू फक्त तिच्यापाशी बस. एवढी वर्षं तू सगळ्यांच्या मनातलं ओळखून केलंस, तेव्हा पत्र फोडायच्या आधीच तुला कळलं असेल मी काय मागणार. पण कळलं म्हणून गप्प राहू नकोस. मी तोंडाने मागतेय.

शेवटचं. तुला जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हण. दादाकडे तुझं नीट चाललंय, गुडघे आहेत, वय आहे, मला सगळं कळतं. नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. (येईल.) आणि आमचं काहीतरी होईलच, आमचं तुझ्यावाचून अडणार नाही. (अडलंय.)